महाविद्यालयातील पहिले वर्ष : काही अनुभव, काही सूचना

(संस्थेच्या गुणवंत विद्यार्थी सत्कार समारंभात केलेले भाषण)



बारावी उत्तीर्ण झालेल्या मुला-मुलींना मी दोन शब्द सांगावेत, असे कार्यकारिणीने कळवले तेव्हा मला संकोच वाटला. मी प्राध्यापक नाही. कला शाखेचा साधा पदवीधर आहे आणि बँकेत लिपिक म्हणून काम करतो. शिवाय ज्या वर्षाबद्दल बोलायचे, त्याच वर्षी मी इंग्रजीत नापास झालो होतो. हे मी अध्यक्षांना सांगितले. ते म्हणाले, "मग तेच सांगा. पहिल्या आलेल्यांची भाषणे मुलांनी पुष्कळ ऐकली आहेत." म्हणून आपल्यापुढे उभा आहे.

1998 साली जिंतूर तालुक्यातील आमच्या गावाहून मी औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, एस.टी.ने आलो. सोबत एक पत्र्याची पेटी, एक वळकटी आणि वडिलांनी उसने आणलेले पैसे होते. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिलाच. त्यामुळे महाविद्यालय म्हणजे काय, हे सांगणारे घरी कोणी नव्हते.

पहिल्याच आठवड्यात कार्यालयातील बाबूंनी मला सांगितले, "बोनाफाईड घेऊन ये." बोनाफाईड म्हणजे काय, ते मला ठाऊक नव्हते. "साहेब, ते काय असतं?" एवढे विचारायला जीभ रेटेना. मागे रांगेत शहरातली मुले उभी होती. ती हसतील, या भीतीने मी मान हलवली आणि परत फिरलो. असे मी तीन वेळा केले. चौथ्या दिवशी एका शिपाईमामांनी विचारले, "रोज येतोस आणि रोज जातोस, काय पाहिजे?" मग कळले की, हा विद्यार्थी आमच्या महाविद्यालयात शिकतो, असा तो साधा दाखला. तो त्याच कार्यालयात, दुसऱ्या खिडकीवर मिळत होता!

वर्गातही तेच झाले. सक्तीच्या इंग्रजीच्या तासाला मी शेवटच्या बाकावर बसायचो. सर शिकवून झाल्यावर "कोणाला काही शंका?" असे विचारत, आणि मी वहीत डोके घालत असे. वर्षभरात मी एकही शंका विचारली नाही. निकाल लागला तेव्हा इतर विषयांत पास आणि इंग्रजीत नापास. दुसऱ्या वर्षी तेच सर मला म्हणाले, "अरे, तू मागच्या वर्षी माझ्या वर्गात होतास का?" त्यांना माझा चेहराच आठवत नव्हता. दोष त्यांचा नव्हता. सरांना मी दिसू नये याची काळजी मीच घेतली होती.

परंतु मित्रहो, नापास होण्यापेक्षा मोठी चूक माझ्या हातून त्या वर्षी झाली. ती मी आजपर्यंत व्यासपीठावरून कधी सांगितली नाही.

माझ्या खोलीवर एक सोबती राहत होता. माझ्यासारखाच खेड्यातला, अभ्यासात माझ्यापेक्षा हुशार. आम्ही दोघांनी भारत सरकारच्या शिष्यवृत्तीचे अर्ज बरोबरच भरले होते. दिवाळीनंतर त्याचे वडील आजारी पडले म्हणून तो गावी गेला. त्याच दिवसांत सूचना फलकावर त्रुटी असलेल्या अर्जांची यादी लागली. त्यात त्याचे नाव होते. उत्पन्नाचा दाखला जोडलेला नव्हता आणि तो द्यायला आठ दिवसांची मुदत होती. ती यादी मी माझ्या डोळ्यांनी वाचली. पण मला वाटले, त्याला कळलेच असेल. पत्र टाकावे, कार्यालयात जाऊन मुदत मागावी, निदान शिपाईमामांना विचारावे, असे मनात आले आणि गेले. बाबूंसमोर पुन्हा उभे राहण्याचा मला धीर नव्हता. तो परत आला तेव्हा मुदत संपून गेली होती. जानेवारीत खाणावळीची बाकी थकली आणि एके दिवशी पेटी उचलून तो गावी निघून गेला. मी बसस्थानकापर्यंत पोहोचवायला गेलो. पण यादीची गोष्ट मी त्याला सांगू शकलो नाही.

म्हणून मी आज तुम्हाला एकच गोष्ट सांगणार आहे. पहिल्या वर्षी आपली मुले बुद्धी कमी पडते म्हणून मागे राहत नाहीत, ती विचारत नाहीत म्हणून मागे राहतात. ज्यांच्या घरी आई-वडील पदवीधर आहेत, त्यांना जेवताना जे आपोआप कळते, ते आपल्याला खिडकीवर उभे राहून विचारावे लागते. त्यात कमीपणा कसला?

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1908 मध्ये एल्फिन्स्टन महाविद्यालयात प्रवेश घेतला आणि पुढे ते बी.ए. झाले. मधल्या काळात पैशांची अडचण आली तेव्हा केळुस्कर गुरुजींनी पुढाकार घेतला, सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला आणि दरमहा 25 रुपयांची शिष्यवृत्ती मिळवून दिली. एवढ्या प्रकांड बुद्धीच्या विद्यार्थ्यासाठीसुद्धा कोणीतरी जाऊन विचारावे लागले, हे आपण लक्षात ठेवावे. आणि केळुस्कर गुरुजींनी केले, ते माझ्या सोबत्यासाठी मला करता आले असते, हेही मी विसरू शकत नाही.

आता काही व्यवहाराच्या सूचना.

पहिली सूचना. शब्दांना भिऊ नका. मला बोनाफाईडने अडवले, तुम्हाला मेजर, मायनर आणि क्रेडिट हे शब्द अडवतील. नवीन शैक्षणिक धोरण 2024-25 पासून राज्यातील संलग्न महाविद्यालयांतही लागू झाले आहे. मेजर म्हणजे तुमचा मुख्य विषय, मायनर म्हणजे जोडीचा विषय. तुम्ही उत्तीर्ण केलेल्या विषयांचे क्रेडिट एबीसी या खात्यात जमा होतात. आमच्या बँकेतल्या खात्यासारखेच ते समजा, फक्त त्यात पैशांऐवजी अभ्यास जमा होतो. विषय निवडण्याआधी विभागातील प्राध्यापकांना भेटा आणि पुढे काय करता येते ते विचारा. मित्राने घेतला म्हणून विषय घेऊ नका. सत्र पद्धतीत पहिली परीक्षा चार-पाच महिन्यांतच येते. पुढे बघू म्हणायला वेळ उरत नाही.

दुसरी सूचना कागदपत्रांची. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र आणि गुणपत्रिका यांच्या चार-चार प्रती एका फाईलमध्ये ठेवा. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर भरल्यानंतर काम संपत नाही. महाविद्यालयाने तो पुढे पाठवला की परत केला, हे दर आठवड्याला पाहा. शासकीय वसतिगृहात प्रवेश मिळाला नाही, तर आपल्या मुलांसाठी बाबासाहेबांच्या नावाची स्वाधार योजना आहे. तिची चौकशी समाजकल्याण कार्यालयात करा.

तिसरी सूचना माझ्या खिडकीवरची. शिष्यवृत्ती मंजूर झाली, पण खात्यात आली नाही, अशी तक्रार घेऊन कितीतरी मुले माझ्याकडे येतात. खाते उघडताना आधार कार्डाची झेरॉक्स दिली म्हणजे शासकीय रकमेसाठी आधार जोडले गेले, असे होत नाही. त्यासाठी बँकेत संमतीचा वेगळा अर्ज द्यावा लागतो. ही जोडणी एका वेळी एकाच खात्याला असते. दोन बँकांत खाती असतील, तर शेवटी जिथे जोडणी केली तिथे रक्कम जाते. मुले जुन्या खात्यात शोधत बसतात! आणखी एक कळकळीची विनंती. कमिशन देतो, तुझे खाते आणि एटीएम कार्ड वापरायला दे, असे कोणी म्हटले तर त्याच्या वाऱ्यालाही उभे राहू नका. फसवणुकीचा पैसा त्यातून फिरवला जातो, आणि पोलीस खातेदाराच्या घरी येतात.

चौथी सूचना. वर्गात पुढच्या तीन बाकांवर बसा. पहिल्या महिन्यात प्रत्येक विषयाच्या सरांना किंवा मॅडमना एक तरी शंका विचारा. शंका मामुली असली तरी चालेल. त्यांना तुमचे नाव कळले, की पुढची वाट सोपी होते. मी दुसऱ्या वर्षी इंग्रजीच्या सरांकडे रोज अर्धा तास बसू लागलो. त्यांनी एक पैसा न घेता शिकवले आणि माझा राहिलेला विषय सुटला. ते पहिल्या वर्षीही शिकवायला तयारच होते.

पाचवी आणि शेवटची सूचना. सूचना फलकावर आणि मोबाईलवरच्या गटात आलेली सूचना आधी आपल्यासाठी वाचा आणि मग जो त्या दिवशी आलेला नाही त्याच्यासाठी वाचा. त्याला फोन करा. त्याला कळले असेल, असे समजू नका.

दोन वर्षांपूर्वी तो माझा सोबती माझ्या शाखेत आला. मुलीचे शिष्यवृत्तीचे खाते उघडायचे होते. मी ओळखले. त्यानेही ओळखले. मी काउंटर सोडून बाहेर आलो आणि इतक्या वर्षांनी त्या यादीची गोष्ट त्याला सांगितली. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "तू बी लहानच होतास गड्या. आता पोरीचा फॉर्म नीट भरून दे." मी तो स्वतः भरला आणि आधार जोडणीचा अर्जही त्याच दिवशी घेतला. मुलीला माझा फोन नंबर दिला आणि सांगितले, "बेटा, काहीही अडले तर काकाला विचार." ती दर पंधरा दिवसांनी फोन करते. बारीकसारीक गोष्टी विचारते. मला फार बरे वाटते.

सभागृहात बसलेल्या नोकरदार बंधू-भगिनींना माझी विनंती आहे, की आपण प्रत्येकाने पहिल्या वर्षाच्या एका तरी विद्यार्थ्याला आपला नंबर द्यावा. आणि विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही तो वापरावा.