ट्रॅक्टरचं पासिंग संपलं, तर काय होतं?



आज मी तुमच्याशी खताविषयी किंवा किडीविषयी बोलणार नाही. आज बोलायचं आहे ते ट्रॅक्टरच्या कागदाविषयी. तुम्ही म्हणाल, शेतकी खात्याच्या माणसाला आर.टी.ओ.च्या कारभाराशी काय देणंघेणं? पण गेल्या काही वर्षांत गावोगाव फिरताना एक गोष्ट ध्यानात आली. शेतकरी ट्रॅक्टरचं ऑइल वेळेवर बदलतो, टायर बघतो, नांगराचे फाळ पाजवून घेतो, मात्र आर.सी. बुक कपाटात ठेवतो ते पुन्हा उघडून पाहत नाही. आणि नुकसान होतं ते तिथंच.

आमच्या भागातलीच हकिकत सांगतो. नाव सांगत नाही. 2009 साली घेतलेला ट्रॅक्टर, राखलेला असा की आजही एका स्टार्टरमध्ये चालू व्हावा. 2024 च्या गळीत हंगामात दोन ट्रॉल्या ऊस भरून कारखान्याकडे निघाला. वाटेत तपासणी लागली. आर.सी. बुक पाहिलं, तर मुदत जूनमध्येच संपलेली. ट्रॉल्यांची तर नोंदणीच केलेली नव्हती. ट्रॅक्टर जागेवरच अटकावून ठेवला. मालक दुसऱ्याचा ट्रॅक्टर शोधत गावोगाव फिरला, आणि तोडलेला ऊस ट्रॉलीत उन्हात पडून राहिला. तोडलेल्या उसाचं वजन आणि उतारा दर तासाला घटतो हे तुम्हाला मी सांगायला नको. दंड भरला तो वेगळाच. गृहस्थ मला म्हणाले, “साहेब, ट्रॅक्टर चांगला चालतोय ना, मग कागदाला काय झालं?” त्यांच्या या प्रश्नाचं उत्तर म्हणून आजचं भाषण.

मंडळी, सन 1988 च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे शेतीचा ट्रॅक्टर, मोटारसायकल, घरची जीप या खाजगी वाहनांची नोंदणी 15 वर्षांपुरती असते. त्यानंतर गाडी तपासून दर वेळी 5 वर्षांसाठी नूतनीकरण मिळतं. यालाच आपण ‘पासिंग’ म्हणतो. मुदत संपली आणि नूतनीकरण केलं नाही, की कायद्याच्या लेखी ती गाडी आणि मुळात नोंदणीच नसलेली गाडी सारखीच.

आता काही गैरसमज दूर करू.

पहिला गैरसमज : “15 वर्षं झाली म्हणजे ट्रॅक्टर भंगारात घालावा लागतो.” आपल्याकडे खाजगी मालकीच्या ट्रॅक्टरला तसं बंधन नाही. तपासणीत गाडी ठीक निघाली तर पुढची 5 वर्षं ती हक्कानं चालवा. या भीतीपोटी कोणी आर.टी.ओ.कडे जायचंच टाळत असेल, तर तो स्वतःचंच नुकसान करून घेतो.

दुसरा गैरसमज : “मी काय हमरस्त्यावर जातो? गावातल्या गावात, शेत ते घर.” कायद्याच्या 39 व्या कलमात ‘सार्वजनिक जागी किंवा इतर कोणत्याही जागी’ असे शब्द आहेत. पाणंद रस्ता, गावचा रस्ता, बाजाराचं पटांगण, यातलं काहीच सुटत नाही.

तिसरा गैरसमज : “ट्रॉलीला इंजिन नाही, तिला कसली नोंदणी?” मोटार वाहनाच्या व्याख्येत ट्रेलर म्हणजे आपली ट्रॉलीही येते. तिचीही नोंदणी लागते आणि मुदतही पाळावी लागते.

चौथा गैरसमज : “पकडलं तर ड्रायव्हर बघून घेईल.” नाही. जो चालवतो तो जबाबदार आहेच. पण जो मालक तशी गाडी चालवायला देतो तोही तितकाच जबाबदार आहे.

आता शिक्षेकडे वळू. कलम 192 प्रमाणे पहिल्या गुन्ह्याला कमीत कमी 2000 आणि जास्तीत जास्त 5000 रुपये दंड आहे. तोच गुन्हा पुन्हा केला तर 5000 ते 10000 रुपये दंड, किंवा एक वर्षापर्यंत कैद, किंवा दोन्ही. शिवाय कलम 207 प्रमाणे गाडी अटकावून ठेवण्याचा अधिकार आहे. कागदपत्रं नीट करून अर्ज केल्यावरच ती सोडवून घेता येते. ऐन पेरणीत ट्रॅक्टर आवारात उभा राहिला तर वाफसा काही आपल्यासाठी थांबत नाही. मला तर दंडापेक्षा हाच घाटा मोठा वाटतो.

कायद्यानं एक सवलतही ठेवली आहे. आजारी किंवा जखमी माणसाला तातडीनं नेण्यासाठी, किंवा संकटात सापडलेल्यांना अन्न व औषधं पोचवण्यासाठी अशी गाडी वापरली, तर हे कलम लागू होत नाही. समजा रात्री कोणाला साप चावला आणि दारात तोच एक ट्रॅक्टर आहे. अशा वेळी कागदाचा विचार करत बसू नका, माणूस आधी दवाखान्यात पोचवा. मात्र 7 दिवसांच्या आत प्रादेशिक परिवहन प्राधिकरणाला तसं कळवायला विसरू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं, ते विम्याचं. पुष्कळांना वाटतं, विमा भरलाय ना, मग झालं. पण सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल ऐकून ठेवा. एका प्रकरणात गाडीच्या तात्पुरत्या नोंदणीची मुदत 11 जानेवारी 2006 ला संपली आणि 2 फेब्रुवारीला अपघात झाला. मधे फक्त बावीस दिवस. विमा होता. तरीही 2014 साली न्यायालयानं सांगितलं, की नोंदणी नसताना रस्त्यावर गाडी चालवणं हा विम्याच्या कराराचा मूलभूत भंग आहे. गाडीची भरपाई मिळणार नाही. दुसरं प्रकरण राजस्थानातलं. तात्पुरती नोंदणी संपल्यावर काही दिवसांतच, 2011 च्या जुलैमध्ये, गाडी जोधपूरला चोरीला गेली. 2021 साली निकाल लागला, आणि तिथंही भरपाई नाकारली गेली. दोन्ही ठिकाणी हप्ते भरलेले होते, आडवी आली ती नोंदणी. तेव्हा लाखो रुपयांचा ट्रॅक्टर आपण कसल्या भरवशावर रस्त्यावर काढतो, याचा विचार करा.

आणि विमाच नसेल तर? तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा पहिल्या वेळी 2000 रुपये दंड, किंवा दोन्ही. आणि कोणी जखमी झालं किंवा जिवानिशी गेलं, तर भरपाई मालकाच्या खिशातून. त्यासाठी जमीन विकायची पाळी आपल्यावर येऊ नये.

आता नावाबद्दल थोडं. ट्रॅक्टर विकला, पैसे घेतले, किल्ली दिली, म्हणजे व्यवहार संपला असं नाही. विकणाऱ्यानं 14 दिवसांत आणि घेणाऱ्यानं 30 दिवसांत नोंदणी कार्यालयाला कळवायचं असतं. 2018 साली सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं आहे, की अपघाताच्या दिवशी कागदावर ज्याचं नाव, तोच मालक आणि तोच जबाबदार. गाडी चार हात पुढं गेली असली तरी नोटीस तुमच्याच दारी येते.

वडील वारले आणि ट्रॅक्टर त्यांच्याच नावावर चालू आहे, असं तर घरोघरी दिसतं. दुःखाच्या दिवसांत कागद सुचत नाहीत, हे मी समजू शकतो. पण नियम असा, की 30 दिवसांच्या आत नोंदणी कार्यालयाला मृत्यूची खबर देऊन, गाडी मी वापरणार असं कळवलं, तर वारसाला तीन महिने ती वापरता येते. आणि त्या तीन महिन्यांत नाव लावण्याचा अर्ज करायचा. थोरल्या भावानं किंवा शाळा शिकलेल्या मुलीनं तेवढं एक काम अंगावर घ्यावं.

माझ्या खात्याशी याचा संबंध असा : महाडीबीटीवर रोटाव्हेटर, पेरणी यंत्र अशा ट्रॅक्टरवरच्या अवजारांसाठी अर्ज करता, तेव्हा ट्रॅक्टरचं आर.सी. बुक मागितलं जातं. ते नीट नसलं तर अनुदानाचं काम तिथंच अडतं.

तर मग करायचं काय? क्रमानं सांगतो, लिहून घ्या.

1. आज घरी गेल्यावर आर.सी. बुक काढा आणि ‘वैधता’ची तारीख बघा. ट्रॅक्टर, ट्रॉली, मोटारसायकल, तिन्हींची. तारीख घरातल्या दिनदर्शिकेवर मोठ्या अक्षरात लिहा.

2. मुदत संपण्याआधी 60 दिवसांपासून नमुना 25 मध्ये अर्ज करता येतो. परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर अर्ज भरून, फी भरून तपासणीचा दिवस घ्या. गावातल्या सेवा केंद्रातही हे होतं.

3. तपासणीला नेण्याआधी ब्रेक, दिवे, इंडिकेटर, हॉर्न, मागचे लाल रिफ्लेक्टर दुरुस्त करा. 1 एप्रिल 2019 पूर्वीची गाडी असेल तर नवी सुरक्षा नंबरप्लेट बसवून घ्या. विमा चालू ठेवा.

4. बँकेचं कर्ज फिटलं असेल, तर बँकेचा दाखला घेऊन आर.सी. वरचा बोजा उतरवून घ्या.

5. मुदत आधीच संपली असेल तर घाबरू नका आणि लपवूही नका. 1 एप्रिल 2022 पासून लागू झालेल्या नियमांत उशिराच्या प्रत्येक महिन्याला मोटारसायकलला 300 आणि इतर खाजगी वाहनांना 500 रुपये जादा आकार ठेवलेला आहे. म्हणजे जितका उशीर, तितका भुर्दंड वाढतो. काम होईपर्यंत गाडी उभी ठेवा.

6. ट्रॅक्टर कायमचा निकामी झाला असेल, तर 14 दिवसांत कळवून नोंदणी रद्द करून घ्या.

एक सोय मात्र नवी झाली आहे. आर.सी. बुक घरी राहिलं तरी डिजिलॉकर किंवा एम-परिवहनवरचा कागद मोबाईलमध्ये दाखवता येतो आणि तो ग्राह्य धरतात. पण मोबाईलवरचा कागदही मुदतीतलाच हवा, बरं का.

मंडळी, सातबाऱ्यावर चुकीची नोंद पडली तर आपण तलाठ्याकडे दहा खेपा घालतो. ट्रॅक्टर हीसुद्धा आपली मिळकतच आहे. पंधरा वर्षांतून एकदा आणि मग पाच वर्षांतून एकदा, एवढीच तिची मागणी. उसाची ती ट्रॉली वाटेत वाळत पडलेली मी पाहिली आहे. तुमच्यावर ती पाळी येऊ नये, म्हणून एवढं बोललो. आज संध्याकाळी कपाट उघडा, तारीख बघा, आणि शेजाऱ्यालाही बघायला सांगा.