दुसऱ्याची ओसरी



फेसबुकने व्यावसायिकांसाठी 'पेजेस' उघडली ती २००७ साली. दुकानदारांनी तेथे पाटी लावली, गिऱ्हाईक जमविले. २०१२ च्या मार्चअखेर सर्व पेजेसना 'टाइमलाइन'चा नवा साचा सक्तीचा झाला. २०१८ च्या जानेवारीत आप्तमित्रांच्या मजकुरास अग्रक्रम देण्याचे ठरले व दुकानदाराची हाक मागे पडली. २०२१ साली 'लाइक' जाऊन अनुयायी मोजण्याची रीत जाहीर झाली.

यात रागावून काय होणार? ओसरी दुसऱ्याची, मालक भिंती हलविणारच. तेथे जरूर बसावे, नवी रीतही शिकावी. परंतु गिऱ्हाइकांचे पत्ते, त्यांच्या संमतीने, आपल्या वहीत लिहून ठेवावेत. मालकाने उद्या पाटी उतरविली, तरी वही आपल्यापाशीच राहील.