दोन संग्रहालये आणि एक आडनाव



आजच्या बैठकीत 'मॉस्कोतील एका संग्रहालयाची भेट' असा विषय जाहीर झाल्यामुळे काही जणांना वाटले असेल की स्लाइड शो असणार. तसे काही नाही. फोटो इंटरनेटवर हवे तेवढे सापडतात. मला एका साध्या प्रश्नावर बोलायचे आहे. अगदी अलीकडच्या इतिहासाचे संग्रहालय बघताना भिंतीवर काय लावले आहे तेवढेच बघून बाहेर यायचे, की कोणाला काढून टाकले आहे हेही विचारायचे?

२०१९ च्या जूनमध्ये ऑफिसच्या कामासाठी मॉस्कोला गेले होते. शनिवार-रविवार मोकळा होता. आपल्यापैकी अनेकांप्रमाणे माझेही बालपण सोव्हिएत पुस्तकांवर गेलेले. वडील गिरणीत होते, लाल बावट्याच्या युनियनमध्ये होते. परळच्या आमच्या खोलीत फळीवर स्वस्तातली, जाड पुठ्ठ्याची रशियन पुस्तके असायची. त्यामुळे क्रेमलिन आणि लाल चौक आटोपल्यावर मी त्वेरस्काया रस्त्यावरच्या 'रशियाच्या समकालीन इतिहासाचे राज्य मध्यवर्ती संग्रहालय' या लांबलचक नावाच्या इमारतीकडे वळले.

या इमारतीची कहाणी आतल्या वस्तूंइतकीच बोलकी आहे. अठराव्या शतकातला हा सरदारी वाडा, फाटकावर दगडी सिंह. १८३१ पासून क्रांतीपर्यंत इथे 'इंग्लिश क्लब' होता. उमराव मंडळी जेवायला, पत्ते खेळायला आणि राजकारणाच्या गप्पा मारायला इथे जमत. कवी पुश्किन या क्लबचा सभासद होता. १९१७ ला झारशाही गेली, क्लब गेला. १९२४ मध्ये त्याच वाड्यात 'क्रांतीचे संग्रहालय' सुरू झाले. १९९१ ला सोव्हिएत संघ गेला आणि १९९८ मध्ये संग्रहालयाला आजचे नाव मिळाले. पाटीवरून 'क्रांती' गेली, 'समकालीन इतिहास' आला. सिंह मात्र तिथेच आहेत. त्यांना कोणी पक्ष विचारत नाही.

आत दालनामागून दालने आहेत. झेंडे, पोस्टर्स, वर्तमानपत्रे, युद्धाच्या वस्तू, अंतराळाचे पर्व. प्रत्येक दालनात खुर्चीवर बसलेल्या एक आजीबाई, तुमच्यावर बारीक नजर ठेवून. पाट्या बहुतेक रशियनमध्ये, त्यामुळे मोबाइलवर भाषांतर करत करत मी पुढे सरकत होते. युद्धाच्या भागात आजूबाजूचे रशियन लोक गप्प होताना दिसतात. त्याचे कारण कळते. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत संघाची सुमारे २ कोटी ७० लाख माणसे गेली. हा अभिमान आणि हे दुःख खोटे नाही, हे आधीच सांगून ठेवते.

पण याच वास्तूत १९४९ च्या डिसेंबरात काय भरले होते, ते ऐका. स्टालिनचा सत्तरावा वाढदिवस होता. जगभरातून आलेल्या भेटवस्तू इतक्या होत्या की त्यांच्या प्रदर्शनासाठी पुश्किन कलासंग्रहालयातली चित्रे आणि शिल्पे हलवली गेली, आणि क्रांतीच्या संग्रहालयातही दालने मोकळी करावी लागली. पुढची तीन-चार वर्षे क्रांतीचे संग्रहालय म्हणजे काही प्रमाणात एका माणसाच्या वाढदिवसाचे संग्रहालय झाले होते. १९५३ मध्ये स्टालिन वारला आणि ते प्रदर्शन गुंडाळले गेले.

तिथे वस्तूंचे जे झाले, तेच कागदावर माणसांचे होत असे. १९५३ मध्ये बेरियाला गोळ्या घालण्यात आल्या. हा स्टालिनचा गुप्त पोलिसप्रमुख. सोव्हिएत विश्वकोशाच्या वर्गणीदारांना मग टपालाने नवी पाने आली. बेरियावरची पाने कापून काढा आणि त्या जागी ही चिकटवा, अशी सूचना होती. नव्या पानांवर बेरिंग समुद्राची माहिती वाढवून दिलेली होती! हसू येते खरे. पण कल्पना करा, शिक्षक, ग्रंथपाल, डॉक्टर असे शहाणेसुरते लोक घरी बसून कात्रीने इतिहास कापत आहेत. आणि बेरिया स्वतः हजारोंना असेच पुसणारा होता, हेही विसरू नका.

आता शीर्षकातल्या आडनावाकडे येते.

ऑक्टोबर क्रांतीच्या रात्री पेत्रोग्राडच्या हिवाळी राजवाड्यात शिरून हंगामी सरकारच्या मंत्र्यांना अटक केली ती व्लादिमीर अन्तोनव-अवसेयेन्को याने. म्हणजे ज्या घटनेवर क्रांतीच्या संग्रहालयाचा सारा पाया, तिचा हा प्रत्यक्ष नायक. पुढे तो मुत्सद्दी झाला, स्पेनच्या यादवी युद्धात बार्सिलोनाला सोव्हिएत प्रतिनिधी होता. १९३७ मध्ये परत बोलावून त्याला अटक झाली आणि फेब्रुवारी १९३८ मध्ये गोळ्या घातल्या. १९५६ मध्ये त्याला निर्दोष ठरवण्यात आले. मेल्यानंतर अठरा वर्षांनी!

त्याचा मुलगा अन्तोन. आईचा अंत तुरुंगात झालेला, वडील 'जनतेचे शत्रू'. त्यालाही १९४० मध्ये पकडले, आणि १९५३ पर्यंतचा बहुतेक काळ त्याने तुरुंगांत आणि छावण्यांत काढला. बाहेर आल्यावर त्याने स्टालिनवर पुस्तक लिहिले. ते मायदेशात छापणे शक्य नव्हते, म्हणून न्यूयॉर्कमध्ये छापले गेले. याच माणसाच्या पुढाकाराने २००१ मध्ये मॉस्कोत गुलागच्या इतिहासाचे संग्रहालय स्थापन झाले आणि २००४ मध्ये लोकांसाठी उघडले. दृष्टी जवळजवळ गेलेली असतानाही तो काम करत राहिला. २०१३ मध्ये, नव्वदी उलटल्यावर, तो गेला.

मी रविवारी हे दुसरे संग्रहालय पाहिले. २०१५ पासून ते मोठ्या जागेत होते, त्वेरस्कायापासून फार लांब नाही. आत तुम्हाला दारे दिसायची. खऱ्या तुरुंगांची आणि छावण्यांची, तिथून उचलून आणलेली दारे. भाषांतराची गरज नव्हती. दार बाहेरून बंद होते, एवढे कळले की पुरे. १९३७-३८ या दोन वर्षांत सरकारी नोंदींप्रमाणेच ६ लाख ८१ हजारांहून अधिक माणसांना गोळ्या घालण्यात आल्या.

एका घरात दोन संग्रहालये निघाली, असे मला तेव्हा वाटले. बाप पहिल्या संग्रहालयाचा विषय आणि मुलगा दुसऱ्याचा संस्थापक. एक बघून दुसरे टाळले तर तुम्ही अर्धाच इतिहास पाहिलात.

यात आपलीही माणसे आहेत. १९२१ मध्ये बर्लिनहून हिंदी क्रांतिकारकांचा एक गट मॉस्कोला गेला होता. त्यात सरोजिनी नायडूंचे बंधू वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय होते आणि आपल्या वर्ध्याचे पांडुरंग खानखोजेही होते. खानखोजे पुढे मेक्सिकोला गेले, शेतीशास्त्रज्ञ म्हणून नाव कमावले, चित्रकार दिएगो रिव्हेराच्या भित्तिचित्रात पोचले, आणि अखेर १९६७ मध्ये नागपूरला वारले. चट्टोपाध्याय सोव्हिएत संघात राहिले, लेनिनग्राडला संशोधन करू लागले. २ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. घरच्यांना कितीतरी वर्षे पत्ता नव्हता. दोघेही आपल्यासारखेच देशाबाहेर पडलेले, शिकलेले, पुरोगामी. कुठे मुक्काम ठेवला, एवढाच फरक.

आपल्या मंडळींत यावर एक हरकत नेहमी घेतली जाते. "हे सगळे बोलून आपण विरोधकांच्या हातात कोलीत देतो." मला हे पटत नाही. माझ्या वडिलांना सोव्हिएत रशियाबद्दल जे प्रेम होते, त्यामागे आठ तासांचा दिवस होता, कामगाराच्या मुलाला शाळा होती, माणसाला माणूस म्हणून किंमत होती. अण्णा भाऊ साठे १९६१ मध्ये रशियाला जाऊन आले, प्रवासवर्णन लिहिले. मातंग समाजातल्या, शाळा जवळजवळ न पाहिलेल्या या लेखकाला त्या देशाने सन्मान दिला, हे खरेच आहे. आणि त्याच वर्षी स्टालिनचे शव लेनिनच्या शेजारून हलवण्यात आले, हेही खरे आहे. वडिलांची मूल्ये जपायची असतील तर ती दारे बघायलाच हवीत. शेवटी त्या दारांमागे कोंडलेल्यांत कामगार आणि कम्युनिस्ट हजारोंनी होते.

त्यानंतरच्या घडामोडी तुम्हाला ठाऊक आहेत. २०१७ मध्ये खुद्द पुतिन यांच्या हस्ते मॉस्कोत दडपशाहीच्या बळींचे स्मारक उघडले गेले. म्हणजे सरकार हे सारे नाकारतच होते असे नाही. पण डिसेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने 'मेमोरियल' ही संस्था बरखास्त करण्याचा आदेश दिला. बळींची तीस लाखांहून अधिक नावे या संस्थेने गोळा केली होती. पुढच्या वर्षी तिला नोबेल शांतता पुरस्कारात वाटा मिळाला. २०२३ मध्ये शाळांना इतिहासाचे नवे एकसाची पुस्तक मिळाले, त्यात युक्रेनवरच्या हल्ल्याचे सरकारी समर्थन. १४ नोव्हेंबर २०२४ रोजी गुलाग संग्रहालय बंद करण्यात आले. कारण दिले अग्निसुरक्षेच्या नियमभंगाचे. आणि मे २०२५ मध्ये मॉस्को मेट्रोच्या तागान्स्काया स्टेशनात स्टालिनचे जुने भित्तिशिल्प नव्याने घडवून बसवले गेले. विश्वकोशाची पाने बदलण्याचा उद्योग संपलेला नाही. फक्त कात्री आता दुसऱ्यांच्या हातात आहे.

आणि आपण रशियाकडे बोट दाखवून निवांत बसावे अशीही परिस्थिती नाही. २०२३ मध्ये एनसीईआरटीच्या बारावीच्या पुस्तकातून मुघल दरबारांवरचे प्रकरण गेले. गांधीहत्येनंतर संघावर आलेल्या बंदीचा उल्लेखही गेला. कारण सांगितले विद्यार्थ्यांवरचे ओझे कमी करण्याचे. अग्निसुरक्षा काय आणि ओझे काय, कारणे नेहमीच सोज्वळ असतात.

मग दूरदेशी राहून आपण काय करायचे? मोठे काही सुचवत नाही. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी सत्तरी-ऐंशीतले आईवडील सहा-सहा महिने राहायला येतात. गिरणी संप, आणीबाणी, नामांतराचे आंदोलन त्यांनी अंगावर घेतलेले आहे. त्यांना बोलते करा, रेकॉर्ड करा, नावे आणि तारखा लिहून ठेवा. आपल्या बाजूच्या चुका सांगू लागले तर रेकॉर्डर बंद करू नका. अन्तोनची साधने फार नव्हती. वडिलांचे नाव आणि स्वतःची आठवण एवढ्या भांडवलावर त्याने सुरुवात केली होती.

आणि मुलांना घेऊन कुठल्याही देशाच्या संग्रहालयात गेलात, मग ते इथले असो की तिथले, तर बाहेर पडताना त्यांना एक प्रश्न जरूर विचारा: यात कोण दिसले नाही?

चहा थंड होण्यापूर्वी तुमचे प्रश्न घेऊया.