एका छिद्रातून शस्त्रक्रिया आणि मनातला संकोच



पन्नाशी उलटलेला पुरुष गुडघेदुखीची चर्चा चारचौघांत करतो. लघवीची तक्रार मात्र घरातही सांगत नाही. जव्हार-मोखाड्यासारख्या डोंगराळ भागातून मोठ्या उपचारांसाठी नाशिक वा मुंबई गाठावी लागते. तेथे हा संकोच अधिकच महाग पडतो.

प्रोस्टेट ही पुरुषाच्या मूत्राशयाखालील अक्रोडाएवढी ग्रंथी. वयपरत्वे ती वाढते. रात्री वारंवार उठावे लागणे, धार बारीक होणे हे बहुधा या साध्या वाढीमुळेच घडते. कर्करोग मात्र आरंभी सहसा चाहूलच देत नाही. म्हणून पन्नाशीनंतर, आणि वडिलांस वा भावास हा रोग झाला असल्यास त्याही आधी, रक्ताच्या ‘पीएसए’ तपासणीविषयी डॉक्टरांशी बोलावे. आकडा वाढला म्हणजे कर्करोगच, असे नव्हे. निश्चित निदान बायॉप्सीने होते.

रोग ग्रंथीपुरताच असेल, तर ती संपूर्ण काढता येते. पूर्वी त्यासाठी बेंबीखाली मोठा छेद घेत. 2000 साली अमेरिकेत ‘दा विंची’ या यंत्रमानवास मान्यता मिळाली आणि हे काम पाच-सहा लहान छिद्रांतून होऊ लागले. 2018 साली त्याच्या ‘एसपी’ या प्रकारास मूत्ररोग शस्त्रक्रियेसाठी तेथे मान्यता मिळाली. त्यात सुमारे अडीच सेंटिमीटरच्या एकाच नळीतून कॅमेरा आणि तीन उपकरणे आत जातात व आत गेल्यावर सांध्यांप्रमाणे वळतात. यंत्र स्वतः काहीच करीत नाही. प्रत्येक हालचाल शल्यचिकित्सकाच्या हाताची असते.

वेदना कमी होतात, रुग्ण लवकर घरी जातो. तथापि लघवीवरील ताबा सुटणे वा लैंगिक दुर्बलता येणे, हे धोके एका छिद्रानेही टळत नाहीत. कापड घेताना आपण वेष्टन नव्हे, पोत पाहतो. येथेही यंत्राच्या नावापेक्षा शल्यचिकित्सकाचा अनुभव विचारावा. एकूण खर्च किती आणि शासकीय योजनेत काय बसते, हेही आधीच विचारावे.

निदान झाले म्हणून घाबरून जाण्याचेही कारण नाही. ब्रिटनमध्ये ग्रंथीपुरता रोग असलेल्या 1,643 पुरुषांवर दीर्घ अभ्यास झाला. काहींवर शस्त्रक्रिया झाली, काहींना किरणोपचार दिले, काहींवर केवळ नियमित देखरेख ठेवली. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, पंधरा वर्षांनंतर तिन्ही गटांत या कर्करोगाने दगावलेले सुमारे तीन टक्केच होते. अर्थात हे आकडे वेळीच सापडलेल्या रोगाचे आहेत. रोग हाडांत पसरल्यावर निवडीला एवढा वाव उरत नाही.

म्हणून घरातील ज्येष्ठांना मुलांनी आपणहून विचारावे आणि ज्येष्ठांनी मोकळेपणाने सांगावे. शल्यचिकित्सकाचे एक छिद्र लहान असते. त्याहून मोठे काम मनाचे दार वेळीच उघडण्याचे आहे.