पाऊस आणि सुवास

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चार शब्द बोलावेत अशी आज्ञा झाली, म्हणून उभी आहे. मला भाषणाची सवय नाही. पण गेल्या वर्षी आपल्या हातून एक चूक घडली, ती आज सांगितल्यावाचून राहवत नाही.

आपण गवती चहा वाळवून पुड्या विकतो. श्रावणात पन्हाळ्याकडच्या मावशींनी दहा जुड्या आणल्या. पात चुरगळून हुंगली, तर वास अगदी पुसट. “शिळा माल आणलात,” असे म्हणून निम्मेच पैसे दिले. देणारी मीच होते. मावशी एवढेच म्हणाल्या, “वहिनी, आबाळ उघडू द्या, मग वास बगा.” मार्गशीर्षात त्याच बांधावरच्या, त्याच ठोंबांच्या जुड्या आल्या आणि खोली घमघमली.

तेव्हा मी जरा वाचन केले. गवती चहाच्या पातीत बारीक पेशींमध्ये सुगंधी तेल साठते. त्यात सुमारे 70 ते 80 टक्के सिट्राल असते. लिंबासारखा वास त्याचाच. झाड उन्हाच्या बळावर अन्न तयार करते, आणि त्यातूनच हे तेल घडविते. पावसाळ्यात आभाळ भरलेले, ऊन थोडे आणि पाणी भरपूर. पात भराभर वाढते, पण पाणचट होते. उघाडीनंतर वाढ मंदावते, ऊन मिळते आणि वास दाटतो. पण पाणी अगदीच तुटले तर झाड सुकते, आणि कडक उन्हात तेल उडूनही जाते. थोडा ताण मानवतो, फार मानवत नाही; संसारातलेच हे.

रानातल्या झाडांचेही असेच. खानदेशात रोशा नावाचे रानगवत होते. एकोणिसाव्या शतकात त्याचे तेल मुंबईहून तुर्कस्तानात जाई आणि गुलाबाच्या अत्तरात भेसळीला वापरले जाई! त्याचे दोन प्रकार आहेत. मोतिया कोरड्या, निचऱ्याच्या उतारावर वाढते. तिच्या तेलाला गुलाबाचा वास. सोफिया दमट, सखल जागी वाढते. तिचे तेल हलके. मात्र सोफिया डोंगरावर लावली म्हणून तिची मोतिया होत नाही. आधी कूळ पाहावे, मग हवापाणी.

हवापाणी तर आता भरवशाचे राहिले नाही. 2019 साली ऑगस्टात पंचगंगेने काय केले, ते आपल्या कसबा बावड्याला सांगायला नको. त्याच वर्षी ऑक्टोबर सरता सरताही पाऊस हटेना. अशा साली उघाडीच लांबते आणि वास उशिरा धरतो. नुकसान पाला विकणाऱ्या बाईचे, आणि वर खोटेपणाचा ठपकाही तिच्यावरच.

म्हणून माझ्या दोन विनंत्या आहेत. गवती चहा उघाडीनंतर कापलेला घ्यावा आणि सावलीत वाळवावा, उन्हात नको. आणि पावसाळ्यातल्या जुडीला वास कमी असला, तरी आणणारीच्या सचोटीवर शंका घेऊ नये.

मावशी आज समोर बसल्या आहेत. त्यांचे राहिलेले निम्मे पैसे मी पदराला बांधून आणले आहेत. ते सर्वांसमक्ष त्यांच्या हाती देते, क्षमा मागते आणि माझे बोलणे संपविते.