घोडा आणायचा तर जपून आणू
(मोलगी येथे शताब्दी वर्षाच्या बैठकीत झालेले भाषण)



दिंडीचं हे शंभरावं वर्ष. रिंगणाला आपला स्वतःचा घोडा पाहिजे, तो दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत घ्यायचा, असं मंडळींनी ठरवलं. आनंद आहे. पैशाचं बोलणं झालं, रंगाचं झालं. पण तो मोलगीला यायचा कसा? एक जण बोलला, "बाबा, परत येणाऱ्या पिकअपात टाकून देऊ." माउली, टाकायला ते काय खताचं पोतं आहे?

आळंदीच्या सोहळ्याचं पाहा. ज्ञानोबामाउलींचे अश्व बेळगाव जिल्ह्यातल्या अंकलीहून येतात, शितोळे सरकारांकडून. दोन अश्व. एकावर जरीपटका घेतलेला स्वार, दुसऱ्याची पाठ मोकळी. त्या मोकळ्या पाठीवर माउली बसलेली आहे हा आपला भाव. हे अश्व अंकलीहून आळंदीपर्यंत पायी चालत येतात. म्हंजे त्यांची वारी आपल्याही आधी सुरू होते. आपल्या घोड्याची वारी सारंगखेड्यातच सुरू होणार, आणि ती गाडीत होणार. तिथं त्याचे हाल केले आणि रिंगणात त्याच्या टापांची माती कपाळाला लावली, तर त्या मातीला काय अर्थ राहिला?

आता रस्ता. तापीकाठावरून शहादा, तळोदा, अक्कलकुवा हा सपाटीचा भाग. पुढं देवगोईचा घाट. वळणावर आपण माणसं दांडी धरतो. घोड्याला धरायला हात नाहीत. त्याला तोल सांभाळायला चारही पाय फाकवून उभं राहावं लागतं. तीन-चार क्विंटलचं जनावर एकदा घसरून आडवं पडलं, तर अरुंद गाडीत त्याला उठता येत नाही.

म्हणून गाडीच्या पत्र्यावर आधी रबरी चटई टाका, वरून वाळू आणि भुसा. बाजूंना गोणपाटात पाचट भरून गाद्या बांधा. मागं नुसत्या फाळक्यावर भरवसा नको, आडवे दोन जाड बांबू पक्के बांधा. जागा पाय फाकवण्यापुरती हवी, पण गरगर फिरण्याइतकी नको.

दावं फार आखूड बांधू नका. मान वर ताणून बांधली की घोड्याला खाली मुंडी घालून नाक-घसा मोकळा करता येत नाही. घाण छातीत उतरते, ताप येतो. मागं मी एक घोडा पाहिला, रात्रभर मान वर बांधून आणलेला. उतरला तो खोकतच, आणि चौथ्या दिवशी गेला. दावं फार लांबही नको, पाय अडकतो. गाठ अशी मारा की एक टोक ओढलं की सुटली पाहिजे. गळ्यात फास नको, मोरकीलाच बांधा.

चढवताना मारझोड नको. गाडी बांधाला किंवा ओट्याला मागं लावा, म्हंजे घोडा सपाट चालत आत जातो. एकदा बिथरला तर जन्मभर गाडी पाहून बिथरेल. त्याच्या ओळखीचा मोतद्दार सोबत घ्या.

मी चौथी शिकलेला माणूस. जनावरांच्या डॉक्टरांनी मला १९७८ चा वाहतुकीचा सरकारी नियम वाचून सांगितला. घोडा प्रवासाला धड आहे असा डॉक्टरचा दाखला पाहिजे. गाडीचा वेग ताशी ३५ किलोमीटरच्या वर नको. आपले पोरं हसतील, पण घाटात त्याहून हळूच चाला. ब्रेक दाबायच्या आधी मागं कोण उभं आहे हे ड्रायव्हरनं आठवावं. पटत नसेल तर रिकाम्या गाडीत मागं उभं राहून, काही न धरता, एकदा घाट चढून पाहावा.

निघायच्या आधी दाणा भरपूर चारू नका. घोड्याला उलटी होत नाही, पोटात बिघडलं की जिवावर बेततं. वाटेत थांबून पाणी दाखवा, तोंडापुढं गवत ठेवा. मार्गशीर्षातली थंडी आहे, म्हणून सकाळी निघा, उजेडात घाट चढा. समोरचा वारा अडवा, पण ताडपत्रीनं सगळं कोंडू नका. उतरवल्यावर थोडं फिरवा, पाणी द्या, मग गवत. दाणा दुसऱ्या दिवशी.

माझं मागणं एवढंच. घोड्याच्या किमतीत गाडीचा खर्च आजच धरा. गाडी वेगळी, त्यात दुसरा माल नाही, दुसरं जनावर नाही, आणि सोबत दोन माणसं. तेवढे पैसे जमत नसतील तर मंडपाची एक कमान कमी करा. कमानीविना दिंडी चालली आहे शंभर वर्षं. मुक्या जिवाला रडवून मात्र ती कधी चाललेली नाही, पुढंही चालू नये.

ज्याला हे पटलं त्यानं हात वर करावा, आणि लिहिणाऱ्यानं ते वहीत लिहून घ्यावं.

रामकृष्ण हरी.