मणक्याच्या ऑपरेशननंतर अंथरूण सोडा

मणक्यांमधल्या गादीचा सरकलेला तुकडा काढला, शिरेवरचा दाब गेला, पाय हलका झाला. इथपर्यंत सगळं ठीक असतं. पुढे घरी गेल्यावर बिघडतं. बायको म्हणते, “अहो, उठू नका,” आई म्हणते, “हलू नकोस रे, टाके तुटतील.” माया खरी, पण ती चुकीच्या जागी खर्च होते.

कातडीवरचा वण दिसतो, आतला दिसत नाही. ऑपरेशनच्या जागी थोडं रक्त साचतं, त्याचा वण होतो. 1974 साली लारोका आणि मॅकनॅब या शल्यविशारदांनी दाखवलं की हा वण मुख्यतः पाठीच्या कापलेल्या स्नायूंकडून आत येतो आणि शिरांच्या आवरणाला चिकटतो. म्हणून सर्जन छेद लहान घेतात, रक्तस्राव आटोक्यात ठेवतात, काही जण स्नायू आणि शिरांच्या मध्ये चरबीचा तुकडा किंवा जेल ठेवतात. वण पुरता थांबवणारा उपाय मात्र अजून कुणाकडे नाही. वण सगळ्यांनाच येतो, त्रास काहींनाच होतो.

परकराच्या नेफ्यातली नाडी आठवा. खळ घातलेला परकर तसाच वाळत टाकला, तर नाडी नेफ्याला चिकटून बसते. ओलं असतानाच ती अधूनमधून इकडून तिकडे सरकवली, तर मोकळी राहते. जोरात हिसडलीत तर तुटेल, हळूच सरकवायची. पाय सरळ ठेवून उचलला की तुमची शीरही अशीच काही मिलिमीटर सरकते. खळ ओली आहे ते हेच पहिले आठवडे!

म्हणून सर्जनने परवानगी दिली की चाला. घरात, मग अंगणात, दर तासा-दोन तासांनी थोडं थोडं. उताणे झोपून मांडीमागे दोन्ही हात धरा, गुडघा हळूहळू सरळ करा, ओढ जाणवली की सोडा. कळ येईपर्यंत ताणू नका. यानं वण टळतोच असा पक्का पुरावा अजून नाही. पण लवकर हालचाल केल्यानं पुन्हा ऑपरेशनची वेळ जास्त येते, असंही आढळलेलं नाही. मग पडून का राहायचं? पुन्हा सांगतो, चाला. वाकून बादली उचलणं मात्र नको. आणि तंबाखू, मिश्री, बिडी बंद. जखम भरायला ती आड येते.

दुखणं काही महिन्यांनी परत आलं, तर “पुन्हा कापा” म्हणू नका. डाय देऊन केलेल्या एमआरआयमध्ये वण उजळतो, गादीचा तुकडा सहसा उजळत नाही. त्यावरून फरक कळतो. नुसत्या वणासाठी पुन्हा केलेलं ऑपरेशन फारसं लाभत नाही. पाऊल लुळं पडलं किंवा लघवीवरचा ताबा गेला, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

कमरेचा पट्टा किती दिवस वापरायचा ते सर्जनलाच विचारा. आणि आज संध्याकाळी, घरच्यांनो, पेशंटला हात धरून दारापर्यंत न्या.